मदत हवी आहे: रात्रपाळीच्या रिफ्लेक्टर जॅकेटबद्दल

नमस्कार मंडळी. माझं रस्त्याच्या डांबरीकरणाचं छोटं कंत्राट आहे, सध्या हायवेवर रात्री दहानंतर काम चालतं. पोरांसाठी मागच्या पावसाळ्याआधी बाजारातून जाळीची फ्लोरोसंट जॅकेटं घेतली, बिनबाह्यांची, एकदम स्वस्तात. परवा सहज मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून वीसेक पावलांवरून बघितलं. नव्या जॅकेटची पट्टी लख्ख चमकली, जुन्याची पट्टी नुसती राखाडी! धुऊन धुऊन वरचा थर सोलून निघालाय. पोटात गोळाच आला.

आता नीट घ्यायचीत. आयएसओ २०४७१ मध्ये, म्हणजे लांबून ठळक दिसणाऱ्या अशा कपड्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, तीन वर्ग आहेत एवढं वाचलं. वर्ग २ ला फ्लोरोसंट कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि चमकपट्टी ०.१३, वर्ग ३ ला ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी किमान ५० मिमी. पण वर्ग ३ ला बाह्या किंवा पट्ट्यांची पँट लागते, म्हणजे नुसतं बिनबाह्यांचं जॅकेट त्यात बसतच नाही. डांबराच्या धगीत पूर्ण बाह्या घाला म्हटलं तर पोरं मलाच ओरडतील.

कुणी वर्ग २ चं जॅकेट आणि पट्ट्यांची पँट अशी जोडी वापरलीय का? दोन्ही मिळून वर्ग ३ धरतात का? दुकानदार लेबलवर नुसता आकडा छापून देतो, खरं-खोटं कसं ओळखायचं, प्रमाणपत्रात काय बघायचं? आणि डांबराचे डाग पट्टी न खराब करता कसे काढता?