मदत हवी आहे : संभाजीनगरात क्राफ्ट बिअर नेमकी कुठे मिळेल?

पैठणगेट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझा मामेभाऊ येत्या शुक्रवारी बंगळुरूहून येतो आहे. तिकडे मायक्रोब्रुअऱ्यांना, म्हणजे जागेवरच थोड्या प्रमाणात क्राफ्ट बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणांना, तोटा नाही, त्यामुळे "तुमचे गाव बिअरची राजधानी म्हणवते ना, मग तिथली क्राफ्ट बिअर दाखव" असा त्याचा हट्ट आहे. नकाशावर शोधले की बिअर शॉपी आणि परमिट रूमच समोर येतात. माहीतगारांनी कृपया लवकर सांगावे. "शोधले म्हणजे सापडते" हे उत्तर मला घरातच मिळालेले आहे.

सिडको_एन७
किती जण आहात, गाडी कोण चालवणार आहे आणि पाहुण्यांचे वय काय, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे आणि इतर मद्यासाठी 25 वर्षांची. शिवाय पिण्याचा परवाना लागतो, जो कोणी काढत नाही आणि अडचण आली की सगळ्यांना आठवतो.

वाळूजकर
तुम्हाला कारखाना पाहायचा आहे की बिअर चाखायची आहे, हे आधी ठरवा. निवृत्त होईपर्यंत मी इथल्याच एका ब्रुअरीत (बिअरच्या कारखान्यात) ब्रूहाउसवर, म्हणजे जवाचा काढा उकळतात त्या विभागात होतो. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग यांच्यासारख्यांचे कारखाने इथे आहेत म्हणून शहराला ते नाव मिळाले. पण तिथे बनते ती लागर, जी दहा-बारा अंशांवर आंबवतात, थंड टाकीत मुरवतात, गाळतात आणि बाटली महिनोन्महिने टिकावी म्हणून साठेक अंशांवर पाश्चराइज करतात. हे सगळे उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली चालते, त्यामुळे पाहुण्याला घेऊन सहज फाटकातून आत जाता येईल अशी आशा ठेवू नका. बाहेरून दिसेल ते एवढेच, की सत्व काढून झालेला जवाचा वाफाळता चोथा टेम्पोत भरून गोठ्यांकडे निघालेला असतो. तो म्हशी फार आवडीने खातात.

लातूरकर_पुणेस्थित
वाळूजकर साहेबांचा आदर ठेवून सांगतो, की ज्याने बंगळुरूची ताजी बिअर प्यायली आहे, त्याच्यापुढे बाटलीतली पिवळी लागर ठेवणे हा पाहुणचार नव्हे. सरळ पुण्याला या. डूलाली 2009 साली पुण्यातच सुरू झाली आणि देशातील अगदी पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांमध्ये तिची गणना होते. त्यानंतर इंडिपेंडन्स, एफिंगट, टॉइट अशी नावे तिथे रुजली. यातली टॉइट तर मूळ बंगळुरूचीच, म्हणजे भावाला तुलनाही करता येईल. छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागवा आणि गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करून जराशी कडवट पेल एल, त्याहून कडवट आयपीए, शेवटी काळी स्टाउट असे चढत जा. उलट क्रमाने गेलात तर कडवटपणामुळे जीभ बधिर होते आणि गव्हाच्या बिअरमधला यीस्टमुळे येणारा केळी-लवंगेचा वास हाती लागत नाही.

वाळूजकर
"पिवळी लागर" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा स्वतः बनवून पाहावी. आयपीएमध्ये हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणणारी फुले, भरमसाट घातली की लहानसहान दोष झाकले जातात. लागरमध्ये आंबवण्याचे तापमान जरा चुकले तरी ते घोटाघोटाला कळते.

लातूरकर_पुणेस्थित
बनवणे अवघड आहे, हे मान्य. पण अवघड आहे म्हणून ती चवदार ठरत नाही.

गोदाकाठ
चवीचा वाद चालू द्या, पण हे कारखाने ज्या जायकवाडीचे पाणी पितात, त्याचाही विचार व्हावा. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला होता.

परभणीचा_शाळू
मूळ प्रश्न असा असायला हवा, की ज्वारीच्या या मुलखात ज्वारीची बिअर का नाही? नायजेरियाने 1988 साली जवाच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची) आयात बंद केली, तेव्हा तिथल्या ब्रुअऱ्या ज्वारीकडे वळल्या. ज्वारीत ग्लूटेन नसते, हाही फायदाच आहे. ज्वारीला मोड आणून, वाळवून, घरच्या घरी छोटा घाणा लावता येतो. कृती हवी असल्यास सविस्तर लिहितो.

सिडको_एन७
कृती लिहू नये. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे, आणि धागाकर्त्याला ज्वारी नको, पत्ता हवा आहे.

पैठणगेट
सर्वांचे आभार. आम्ही दोघेच आहोत, दोघेही तिशी ओलांडलेले. चाखायचीच आहे; कारखाना पाहायला मिळाला असता तर बरे झाले असते, एवढेच. भाऊ 2 ऑक्टोबरला सकाळी पोहोचतो आणि रविवारी रात्री परततो. शहरातल्या एका हॉटेलबाहेर "टॅप बिअर" अशी पाटी पाहिली आहे. ती चालेल का?

सिडको_एन७
तारीख आधीच लिहिली असती तर एवढी चर्चा वाचली असती. 2 ऑक्टोबर हा गांधी जयंतीचा ड्राय डे आहे; त्या दिवशी संभाजीनगरातही काही मिळणार नाही आणि पुण्यातही नाही.

वाळूजकर
टॅपच्या पाटीवर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी ती ड्राफ्ट असते, म्हणजे कारखान्याचीच बिअर, फक्त बाटलीऐवजी पिंपातून येते. हॉटेलला फोन करून एवढेच विचारा, की बिअर तुमच्याच टाक्यांत आंबते का आणि आज कोणकोणते प्रकार चालू आहेत. जिथे खरोखर बनते तिथला माणूस लगेच नावे सांगतो. जिथे बनत नाही तिथे तुम्हाला ब्रँड विचारतात.

लातूरकर_पुणेस्थित
शुक्रवारी दौलताबाद-वेरूळ करा आणि शनिवारी पहाटे पुण्याला निघा. अंतर साधारण 235 किलोमीटर आहे. मात्र स्वतःची गाडी आणू नका, एसटीने या. मुक्काम कल्याणीनगर किंवा कोरेगाव पार्काच्या आसपास ठेवा, म्हणजे रात्री रिक्षाने भागेल. भावाचे परतीचे विमान पुण्याहून करता आले तर रविवारची उलटी दौडही वाचेल.

पैठणगेट
तिकीट बदलता येते का, ते भावाला विचारतो. वाळूजकर साहेबांनी सांगितलेला प्रश्न आत्ताच त्या हॉटेलला फोन करून विचारला. समोरच्याने "स्ट्राँग पाहिजे का माइल्ड?" असे विचारले.