वर्गणी दिली नाही म्हणून गावाबाहेर? सान हुआन चामुलाबद्दल

डोंगरवाट:
मेक्सिकोतल्या चियापासमध्ये सान हुआन चामुला हे त्सोत्सिल आदिवासींचं गाव आहे. 1974 पासून पुढे कित्येक वर्षं तिथून हजारो लोकांना हाकललं, कारण काय तर कॅथलिक रीतभात सोडून प्रोटेस्टंट झाले. घरं गेली, जमिनी गेल्या, 1981 मध्ये त्यांचा पुढारी मिगेल काशलान याचा खून झाला. हा सरळ सरळ धर्मासाठी छळ आहे, गावची प्रथा म्हणून त्यावर पांघरूण घालू नये असं माझं ठाम मत आहे.

गावकरी:
इतकं सरळ नाहीये ते. तिथल्या चर्चमध्ये बाकंच नाहीत, जमिनीवर पाइनचे हिरवे काटे पसरतात, फरशीवर मेणबत्त्या चिकटवून घरची माणसं खाली बसतात, आजाऱ्यासाठी कोंबडी आणतात, पॉश नावाची उसाची दारू देवाला दाखवून पितात. याला नुसतं कॅथलिक कसं म्हणणार? सणाचा खर्च त्या वर्षीचे मानकरी कर्ज काढून करतात. स्पॅनिश राजवट आली, जमीनदार आले, सगळ्यांनी पिळलं तरी या लोकांनी यावरच भाषा नि गाव टिकवलं. आता बाहेरचे मिशनरी येऊन संतांना मूर्तिपूजा म्हणणार, अर्धं गाव सणाची वर्गणी बंद करणार, मग गाव राहील का?

डोंगरवाट:
पण पॉश विकायचं कोण? गावचे कासिके, म्हणजे तिथले दादा लोक. दारू, मेणबत्त्या, कोल्ड्रिंक सगळा धंदा त्यांच्या हातात. माणूस दारू सोडतो आणि मेणबत्ती घेत नाही म्हटल्यावर पोटात कुणाच्या दुखणार? आणि त्या भागातले कॅथलिक बिशप सामुएल रुइस यांच्या बाजूचे कॅथलिकसुद्धा हाकललेत की! ते तर मिशनऱ्यांचे नव्हते.

सुरंगी:
मी कोकणातली. लहान असताना वर्गणीवरून आमच्या घराला वाळीत टाकलं होतं. शिमग्याला आईने ओटीचं ताट भरून ठेवलेलं, पालखी दारावरून तशीच पुढे गेली. आम्ही तर धर्मही बदलला नव्हता. आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, मेक्सिकोच्या घटनेतही कलम 24 धर्मस्वातंत्र्य देतं, पण गावात एकटं पडल्यावर कलम दाखवायचं कुणाला?

गावकरी:
ताई, वाचून वाईट वाटलं. हाकलणं चूकच, ते मी मान्य करतो. पण ज्याला सण नको त्याने गावासाठी दुसरं काम करावं, रस्ता करावा, पाणी आणावं, काहीतरी द्यावं. नुसतं नाही म्हणून चालत नाही. आणि गाव सुटलं की पोरांची भाषा सुटते, ही भीती खोटी नाही.

डोंगरवाट:
रस्ता-पाणी मान्य, तेवढं मागायचा गावाला हक्क आहे. पण तिथे मागितलं होतं ते दारू आणि सण. आणि भाषेचं म्हणाल तर हाकललेली माणसं जवळच्या सान क्रिस्तोबाल शहराच्या कडेला वस्त्या करून राहिली, बायका त्याच काळ्या लोकरीच्या घागऱ्यात, आणि प्रार्थना त्सोत्सिलमध्येच चालते.