बीपी लपवल्याचं सांगून क्लेम नाकारला: लोकपाल की ग्राहक आयोग?

महालकर
वडिलांची आरोग्य पॉलिसी मे २०१८ पासून आहे, एकही रिन्यूअल चुकलेलं नाही. आधी ३ लाखांची होती, मे २०२३ मध्ये ५ लाखांची केली. नागपुरात रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये नुकतीच अँजिओप्लास्टी झाली, बिल ४ लाख १० हजार. आधी कॅशलेस नाकारलं, मग रिइम्बर्समेंटही (आपण भरलेलं बिल परत मिळणं). पत्रात म्हटलंय की डिस्चार्ज समरीत ‘१० वर्षांपासून बीपी’ आहे आणि पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये ते सांगितलं नाही. पण गोळ्या तर २०२० पासून सुरू आहेत. आता कुठे दाद मागू?

क्लेमचा जाणकार
आधी नकाराचं पत्र जपून ठेवा, सगळी लढाई त्यावरच आहे. पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय.

तुमचा मुख्य मुद्दा मोरॅटोरियमचा. सलग ६० महिने पूर्ण झाले की ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा, आणि ती सिद्ध करायची कंपनीने. पण इथे एक गोम आहे: वाढवलेल्या २ लाखांचे ६० महिने मे २०२३ पासून वेगळे मोजतात. म्हणजे ३ लाख भक्कम आहेत. वरच्या १ लाख १० हजारांसाठी मात्र बीपी २०२० चाच आहे, २०१८ च्या फॉर्मच्या वेळी नव्हता, हे कागदांनी दाखवावं लागेल. रक्कम वाढवताना काही फॉर्म भरला असेल तर त्याचीही प्रत काढा, त्यात बीपीबद्दल काय लिहिलंय ते पाहा.

वर्धा रोड
‘१० वर्षं’ बहुतेक वेळा येतात कुठून, तर कॅज्युअल्टीत. घाबरलेला नातेवाईक ‘बऱ्याच वर्षांपासून बीपी आहे’ म्हणतो, ड्युटी डॉक्टर आकडा टाकतो आणि तोच समरीत उतरतो. समरीवर खाडाखोड मुळीच करून घेऊ नका, त्याने संशयच वाढतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर वेगळं प्रमाणपत्र घ्या: नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली, तिला जुन्या कागदांचा आधार होता का. त्यावर रजिस्ट्रेशन नंबर आणि तारीख हवी. जोडीला इनडोअर केस पेपरची (भरती असतानाच्या नोंदींची) प्रत, २०२० चं पहिलं प्रिस्क्रिप्शन, आणि त्याआधीचा एखादा तपासणी अहवाल ज्यात बीपी नॉर्मल आहे. हा शेवटचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं.

सिव्हिल लाइन्स
कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. कंपनीच्याच क्लेम रिव्ह्यू कमिटीने नकाराला मंजुरी कधी दिली, तेही विचारा. २०२४ च्या नियमांनुसार ती लागतेच. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. नागपूरसाठी पुण्याचं कार्यालय आहे, अर्ज ऑनलाइन होतो. फी नाही, वकील चालत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाख. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही; म्हणून मी तरी आधी तिथेच जा म्हणेन. आयोगात केस चालू असेल तर मात्र लोकपाल तक्रार घेत नाही.

मानसिक त्रासाची भरपाईही हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. वडील नागपुरात राहतात, म्हणजे केस इथेच लागते. मुदत दोन वर्षं, भरलेला प्रीमियम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.

महालकर
आणि क्लेम मंजूर झाल्यावर खोलीभाड्यावरून कापलं तर?

क्लेमचा जाणकार
मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली असेल तर डॉक्टर फी, ओटी वगैरे त्या प्रमाणात कापतात. पण औषधं, स्टेंट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चावर ही कपात लागत नाही. म्हणून हॉस्पिटलकडून स्टेंटचं वेगळं बिल आणि त्याच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या.