'स्टॉकिंग रेट'ला मराठीत काय म्हणायचं?

माणदेशी: एका अमेरिकन माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय, कुरणात किती गुरं सोडायची यावर. त्यात कॅरिंग कपॅसिटी म्हणजे गवताची वाट न लागता रान किती गुरं पोसतं ते, आणि स्टॉकिंग रेट म्हणजे आपण खरोखर किती गुरं किती दिवस सोडली ते. मी दोन्हीकडं 'चराईक्षमता' ठोकलं, तपासणाऱ्या बाईंनी लाल करून परत पाठवलं.

सातारी: पहिल्याला धारणक्षमता, दुसऱ्याला चराईदर. संपलं.

जतकर: अहो चराईदर वाचून आमच्याकडं लोक विचारतील, जनावरामागं किती रुपये? चराई म्हणजे चारायचे पैसेपण.

सातारी: मग 'चराईबंदी'त काय पैसे बंद केले का?

जतकर: 😀 दोन्ही अर्थ चालतात हो, म्हणून तर घोटाळा.

आटपाडीची: आमचा आजा पडकाकडं नुसता बघून सांगायचा, "हितं चार जनावरं दिवाळीपातुर निघत्यात, पाचवं घातलं की कुसळीच उरंल." निघणं हाच खरा शब्द, तुमची क्षमता कचेरीतली.

माणदेशी: ताई, आजोबांचा हिशोब पत्रकातल्यासारखाच की! तिकडं ४५० किलोची गाय धरतात, रोज साधारण १२ किलो सुकं गवत, आणि निम्मं गवत रानातच राखायचं. उरलेल्या निम्म्यातलंही निम्मंच पोटात जातं, बाकीचं तुडवण्यात, शेणामुतात, किड्यांत. म्हणजे समजा एकरी १००० किलो आलं तर २५०च धरायचं, एका गाईचे जेमतेम तीन आठवडे. पण 'निघणं' तक्त्याच्या डोक्यावर कसं लिहू?

सातारी: नाहीच लिहिता येणार, बोलीला बोलीच्या जागी राहू द्या.

आटपाडीची: का? बोली बोलणाऱ्यांचीच गुरं आहेत ना? वाचणार कोण, तुम्ही?

जतकर: भांडू नका. 'चराईभार' कसं वाटतं? रानावरचं ओझं. आणि ती ४५० किलोची गाय जशीच्या तशी ठेवू नका, आपली खिलार तेवढी भरत नाही.

सातारी: खिलार नव्हे, खिल्लार. मूळ अर्थच गुरांचा कळप, जातीला नाव नंतर पडलं.

आटपाडीची: खरसुंडीच्या जत्रेत दोन ल लावून बोला बरं, व्यापारी पुण्याचा समजून भाव वाढवंल.

सातारी: मी कोरेगावचा आहे.

माणदेशी: चराईभार लिहू का मग? उद्या द्यायचंय.

जतकर: कोरेगावात खिलार दिसतो का अजून?