टाळूचा स्क्रू : नऊ वर्षांच्या मुलीत टर्न कधी थांबवायचे?

उदगीर_दंतवैद्य
वय ९. डावीकडे मागचा क्रॉसबाइट (वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात), तोंड मिटताना खालचा जबडा डावीकडे सरकतो. लातूरच्या ऑर्थोडॉन्टिस्टनी (वाकडे दात-जबडा नीट करणारे तज्ज्ञ) पहिल्या कायमच्या दाढांवर आणि पुढच्या दुधाच्या दाढांवर बँड (धातूची कडी) बसवून हायरॅक्स, म्हणजे टाळू रुंद करणारा स्क्रू, लावलाय; किल्लीनं दिवसाला दोन टर्न. पालकांना सारख्या लातूरच्या चकरा जमत नाहीत, म्हणून मधली तपासणी माझ्याकडे. नेमकं काय बघायचं आणि 'बस करा' कधी म्हणायचं?

ऑर्थो_संभाजीनगर
डॉक्टर, आधी स्क्रूचं माप विचारून घ्या. एक टर्न म्हणजे पाव फेरा, ०.२ किंवा ०.२५ मिमी. ०.२५ धरला तर रोज अर्धा मिमी. वरच्या जबड्याची रुंदी ५ मिमी कमी असेल तर २० टर्न. थोडं मागं येतंच, म्हणून २ मिमी जास्तीचं घ्यायचं. एकूण २८ टर्न, १४ दिवस.

हा झाला अंदाज. थांबायचं ते दाढांकडं बघून. वरच्या दाढेचा टाळूकडचा उंचवटा खालच्या दाढेच्या गालाकडच्या उंचवट्यावर टेकला की बस. त्यापुढं गेलं तर वरची दाढ खालचीच्या पार बाहेर जाते आणि ते निस्तरणं जास्त अवघड.

आठवड्याच्या आत वरच्या मधल्या दोन दातांत फट दिसायला हवी, स्क्रू उघडला त्याच्या साधारण निम्मी. टाळूची मधली शिवण उघडल्याची ती खूण. १४ टर्न होऊनही फट नाही, तर टर्न बंद. बँड सैल झालाय का, किल्ली नीट फिरतेय का, ते आधी बघा. दोन्ही ठीक असूनही फट नसेल तर दाढा नुसत्या बाहेर कलताहेत. लेकराला लगेच लातूरला पाठवा.

आणि क्रॉसबाइट एकीकडं दिसत असला तरी जबडा सरकतोय म्हणजे अरुंदपणा बहुधा दोन्हीकडं आहे. उजवी बाजूही पसरली म्हणून घाबरू नका.

लातूर_ऑर्थो_क्लिनिक
निम्म्या तक्रारी किल्लीच्या असतात. मुलीचं डोकं आईच्या मांडीवर, मोबाइलच्या बॅटरीचा उजेड तोंडात पाडायला दुसरं माणूस. किल्लीला एक वीतभर दोरा बांधून तो बोटाला गुंडाळायचा, किल्ली घशात जाऊ नये म्हणून. पुढच्या बाजूला दिसणाऱ्या भोकात टोक घालून घशाकडं ढकलायचं, ते पुढचं नवं भोक पूर्ण दिसेपर्यंत. मग किल्ली मागच्या बाजूनंच खाली काढायची. पुढं ओढून काढली की केलेला टर्न उलटा फिरतो. अर्धवट सोडला तर दुसऱ्या दिवशी भोकच सापडत नाही. तसं झालं तर घरी खटपट नको, तुमच्याकडं आणायला सांगा. प्रत्येक टर्नची कॅलेंडरवर रेघ मारायला लावा.

टर्ननंतर पाच-दहा मिनिटं नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो, तो चालतो. बँड हलत असेल तर टर्न नाही. आधी पुन्हा सिमेंट.

बालदंत_नांदेड
नवव्या वर्षी दिवसाला दोन टर्नची घाई कशाला, हा माझा प्रश्न. शिवण अजून सैल असते, एका टर्ननंही काम होतं. दोन चूक नाहीत, पण सहा वर्षांच्या आतल्या लेकरांत मात्र जोरात पसरवू नये, नाकाचा आकार बिघडू शकतो.

खाण्याचं : ज्वारीची भाकरी कालवून खाऊ द्या. चिक्की, फुटाणे, कडक तिळगूळ बंद. हुरड्याचे दाणे स्क्रूखाली अडकले की हिरडी सुजते. बिनसुईच्या सिरिंजनं कोमट पाण्याची पिचकारी, दोन्ही वेळ जेवणानंतर. मुलगी तोंडानं श्वास घेत असेल तर अ‍ॅडेनॉइडसाठी (नाकामागची वाढलेली गाठ) कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. स्क्रू हा त्यावरचा उपाय नव्हे.

उदगीर_दंतवैद्य
आभारी आहे. फट बघून पालक घाबरणार. ती बुजवायची कशी?

ऑर्थो_संभाजीनगर
काहीच करायचं नाही. हिरडीतले तंतू दातांना ओढतात, काही महिन्यांत मिटते. पण फट ओढून मिटवायला दातांभोवती रबर लावू देऊ नका, हे आजच बजावून सांगा. ते दातावरून सरकत हिरडीत जातं, दिसेनासं होतं आणि आतल्या आत मुळाभोवतीचं हाड खात दात पाडतं. आणि फट मिटली म्हणून स्क्रूही काढायचा नाही. त्याच्या भोकात कंपोझिटचा (दात भरायच्या मसाल्याचा) थेंब टाकून तो बंद करायचा आणि सहा महिने तसाच ठेवायचा. शिवणीत हाड भरायला तेवढा वेळ लागतो.