रस्ते डिझाइनमधून वाहतूक नियोजनात जायचं आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी स्थापत्य अभियंता आहे. चार वर्षं रस्त्यांच्या डिझाइनचं काम केलं: चढ-उतार, वळणं, डांबराचे थर, पाण्याचा निचरा. आता वाहतूक नियोजनात यायचं आहे. आठ महिने अर्ज करतेय, अजून कुठे जमलेलं नाही. या क्षेत्रातल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

हे मनात कुठून आलं ते आधी सांगते. गेल्या वर्षी एका चौकात वाहनांच्या मोजणीला उभी होते. दर १५ मिनिटांना नवा कागद, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मोटार, बस, ट्रक, दुचाकी, सायकल असे रकाने होते, पायी जाणाऱ्यांचा नव्हता. काठी टेकत आलेल्या एक आजी तीन सिग्नल तशाच थांबून राहिल्या. सिग्नलची वेळ काढताना चालण्याचा वेग सहसा सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे १४ मीटरच्या रस्त्याला १२ सेकंद. आजींच्या चालीने १७-१८ तरी लागले असते. मी समासात पायी जाणाऱ्यांच्याही रेघा मारायला लागले. ऑफिसात आकडे संगणकावर चढवताना तो समास गाळला गेला. विचारलं तर "आपल्या कामात ते येत नाही" म्हणाले. ते अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून घरी अभ्यास चालू आहे. चार टप्प्यांचं मॉडेल समजून घेतलं: प्रवास किती निघतात, कुठून कुठे जातात, कशाने जातात, कोणत्या रस्त्याने जातात. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्त्यांचं जाळं उतरवून सुमो या वाहतुकीची नक्कल करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा भाग चालवला. बसच्या जीटीएफएस (संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातल्या) वेळापत्रकावरून ४५ मिनिटांत कुठवर पोचता येतं याचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केला. पण जाहिरातीत व्हिसम, एमे नाहीतर ट्रान्सकॅड या विकतच्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरचा अनुभव मागतात. त्यांचे परवाने स्वतःच्या खिशातून घेणं शक्य नाही.

एका मुलाखतीत बीपीआरचं सूत्र विचारलं, म्हणजे गाड्या वाढल्या की प्रवासाचा वेळ किती वाढतो याचं. गाड्या क्षमतेच्या दीडपट झाल्या की १० मिनिटांचा रस्ता साडेसतरा मिनिटांवर जातो, हे मी तिथेच काढून दाखवलं. मग विचारलं, "रस्ता रुंद केला, वेळ कमी झाला. दोन वर्षांनी तिथे गाड्या किती?" मी आधीचाच आकडा धरून बसले होते. रस्ता सोपा झाला की नवे प्रवास निघतात, लोक वेळ, मार्ग, साधन बदलतात, हे वाचलेलं होतं, पण त्या वेळी डोक्यात आलंच नाही.

आता नेमकं विचारायचं ते असं: पदव्युत्तर शिक्षणाशिवाय इथे शिरता येतं का? स्वतः केलेलं काम दाखवलं तर ते कुणी बघतं का? आणि सुरुवात सल्लागार कंपनीत करावी की सरकारी यंत्रणेत?

प्रतिसाद

मी नवीन माणसं निवडताना मुलाखती घेतो, म्हणून लिहितो. सॉफ्टवेअर कामावर शिकवता येतं, त्याची इतकी काळजी करू नका. मला बघायचं असतं ते हे, की उमेदवार आपलं मॉडेल प्रत्यक्ष मोजणीशी ताडून बघतो का. तुमचा सुमोतला भाग घ्या, स्वतः मोजणी करा आणि प्रत्येक रस्त्याचा जीईएच, म्हणजे मॉडेलचा आणि मोजणीचा आकडा किती जुळतो हे सांगणारा अंक, काढा. ८५ टक्के ठिकाणी तो ५ च्या खाली आला तर उत्तम. जिथे आला नाही तिथे का नाही, हे दोन पानांत लिहा. ती दोन पानं मी आधी वाचेन.

दुसरं, थेट मॉडेलिंगच्या जागांमागे लागू नका. चौकांची रचना, रस्ता सुरक्षा तपासणी, नव्या इमारतींमुळे वाढणाऱ्या वाहतुकीचे अहवाल या कामांना भूमिती कळणारी माणसं लागतात, आणि ती चार वर्षं तुमच्याकडे आहेत. तिथून नियोजनाकडे सरकणारे बरेच पाहिलेत. सल्लागार कंपनीत कामं भराभर बदलतात, हात लवकर बसतो. पदवी पुढे घेता येईल. कंपनीचे जुने आकडे मात्र वापरू नका, मोजणी नव्याने करा.

धागाकर्ती

मनापासून आभार. सुरक्षा तपासणीचा विचार मी केलाच नव्हता, आजच दोन अर्ज पाठवते. मोजणी त्याच चौकात करेन म्हणते, पायी जाणाऱ्यांसकट. सकाळ-संध्याकाळचे गर्दीचे दोन-दोन तास, एका दिवसाचे चालतील, की निदान तीन दिवस लागतील?