बॅकअप विंडो पुरत नाही: लाइन वाढवायची की वाचनच कमी करायचं?

हिशेबनीस:
१२० टीबी डेटाचा बॅकअप आणि त्यासाठी हातात रात्रीचे ८ तास, हीच बॅकअप विंडो. भागाकार केला तर सेकंदाला ४.१७ जीबी, म्हणजे ३३ गिगाबिटच्या वर. १० गिगाबिटची लाइन प्रत्यक्षात १.१ जीबीच्या आसपास देते. असं गणित समोर आलं की लगेच २५ गिगाबिटची कार्डं आणि नवे स्विच यांची मागणी पुढे येते. माझ्या मते हा खर्च चुकीच्या जागी होतो. त्या १२० टीबीत रोज बदलतो समजा ३ टक्के, ३.६ टीबी. तो जुन्याच लाइनवरून तासाभरात जातो. बदललेल्या ब्लॉकची (डिस्कवरच्या तुकड्यांची) नोंद, म्हणजे सीबीटी, आभासी सर्व्हर चालवणारं व्हीएमवेअर २००९ च्या व्हीस्फिअर ४ पासून ठेवतं. ओरॅकलमध्ये १०जी पासून ब्लॉक चेंज ट्रॅकिंग आहे, फक्त ते आपणहून चालू करावं लागतं. नाहीतर इन्क्रिमेंटलसुद्धा (फक्त बदललेलं घेणारा बॅकअप) अख्ख्या डेटाफाइल वाचत बसतं. पोस्टग्रेसच्या १७ व्या आवृत्तीत इन्क्रिमेंटल आलं, तिथेही वॉल समरी (बदलांच्या लॉगचा सारांश) चालू हवी. एकदा फुल (संपूर्ण बॅकअप) घ्यायचा, पुढे कायम इन्क्रिमेंटल, आणि आठवड्याचा फुल रिपॉझिटरीतच (बॅकअप साठवतो त्या स्टोरेजवर) आधीच्या बॅकअपमधून जोडून घ्यायचा, म्हणजे सिंथेटिक फुल. दर रविवारी तेच ते १२० टीबी का वाहायचे?

टेपवाला:
साफ असहमत. घेतानाचा वेळ मोजलात, परत आणतानाचा सोडलात. रिपॉझिटरीत १२ साध्या ७२०० आरपीएम डिस्क आहेत असं धरा. महिनोन्महिने डीड्यूप (सारखे तुकडे एकदाच साठवणं) आणि सिंथेटिक फुल करत राहिलं की एका व्हीएमचे (आभासी सर्व्हरचे) ब्लॉक सगळ्या डिस्कभर विखुरतात. एक डिस्क सेकंदाला साधारण १०० रँडम वाचनं देते, म्हणजे बाराजणी मिळून १२००. तुकडा ६४ केबीचा असेल तर हातात येतात सेकंदाला जेमतेम ७७ एमबी. त्या वेगाने १२० टीबी परत आणायला १८ दिवस लागतील. त्याच डिस्क सलग वाचल्या तर सहज दीड जीबीच्या पुढे जातात.

दुसरं, कायम इन्क्रिमेंटल म्हणजे बदलाच्या नोंदीवर आंधळा विश्वास. व्हीएमवेअरच्या जुन्या ईएसएक्सआयमध्ये आभासी डिस्क १२८ जीबीची हद्द ओलांडून वाढवली की सीबीटी चुकीचे सेक्टर कळवायचं. बॅकअप हिरवा दिसायचा, आत भोकं. ताजा फुल घेतला की अशी चूक तिथेच संपते. तुमच्या इन्क्रिमेंटलच्या साखळीत ती वर्षभर पुढे सरकत राहील.

शून्यबाइट:
दोघेही मधूनच भांडायला लागलात. आधी अडतंय कुठे ते मोजा. तीन तुकडे वेगवेगळे मोजायचे: स्रोत नुसता वाचून फेकायचा, नेटवर्क एकटं चालवायचं, रिपॉझिटरीवर नुसतं लिहायचं.

स्रोतासाठी ओरॅकलमध्ये आरमॅन या बॅकअप साधनाचं ‘बॅकअप व्हॅलिडेट’ सगळं वाचतं, लिहीत काही नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘नल’ डिव्हाइसवर (जिथे लिहिलेलं सगळं फेकलं जातं) बॅकअप घ्या, पण कॉपी ओन्ली (साखळीत न धरला जाणारा बॅकअप) लावूनच. ते विसरलात तर पुढचं डिफरेन्शियल (शेवटच्या फुलनंतरचे बदल) त्या फेकलेल्या बॅकअपवर टेकेल आणि रिस्टोअरच्या दिवशी पायाच सापडणार नाही. लॉग बॅकअप तर नलवर कधीच नको, साखळी तुटते.

नेटवर्कचा वेग मोजायला आयपर्फ३. ३.१६ च्या आधीच्या आवृत्तीत कितीही समांतर स्ट्रीम मागा, सगळे एकाच थ्रेडवर चालतात. २५ गिगाबिटची लाइन उगाच मंद वाटेल. लिहिण्याचा वेग मोजायला एफआयओ, १ एमबी ब्लॉक, कॅशेपेक्षा बराच मोठा डेटा. शून्यांची फाइल डीडी कमांडने लिहून वेग सांगू नका. कॉम्प्रेशन करणारं स्टोरेज शून्यं गिळून टाकतं आणि आकडा खोटा येतो.

आणि फाइल सर्व्हर असेल तर वरचे टीबी विसरा. ५ कोटी छोट्या फाइली, प्रत्येकीचा मेटाडेटा बघून उघडायला-मिटायला २ मिलिसेकंद, एकच स्ट्रीम: १ लाख सेकंद, जवळजवळ २८ तास. लाइन रिकामी पडलेली असते. इथे २५ काय, १०० गिगाबिट आणलंत तरी मिनिट वाचणार नाही. १६ स्ट्रीम केले आणि स्टोरेजने मेटाडेटाचा भार पेलला, तर तेच पावणेदोन तासांवर येतं. त्याहून बरं म्हणजे व्हॉल्यूमचा ब्लॉक पातळीवर इमेज बॅकअप. फाइल सिस्टिमची पायरीच चढायची नाही.

हिशेबनीस:
@टेपवाला, १८ दिवस हा सगळ्यात वाईट टोकाचा हिशेब झाला. प्रत्येक तुकडा वेगळ्या जागी पडत नाही, एकत्र आलेले तुकडे बहुतेक एकत्रच बसतात आणि रीड-अहेडचा (पुढचं आधीच वाचून ठेवण्याचा) फायदा मिळतो. तरी विखुरण्याचा मुद्दा मान्य. म्हणून शेवटचे ७ दिवस डीड्यूपशिवाय फ्लॅशवर ठेवावेत, जुनं मागे डीड्यूपमध्ये ढकलावं. रिस्टोअर बहुधा ताज्याच दिवसांचं मागितलं जातं.

सिंथेटिकसाठी रिपॉझिटरी रीफ्लिंकवाल्या एक्सएफएस किंवा आरईएफएस या फाइल सिस्टिमवर घ्या, त्या ब्लॉक कॉपी न करता वाटून वापरतात. मग जोडणी म्हणजे नुसत्या नोंदींची अदलाबदल. साध्या फाइल सिस्टिमवर मात्र प्रत्येक ब्लॉक आधी वाचायचा, मग लिहायचा. रेड ६ वर (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी मांडणी) छोट्या रँडम लिहिण्याला सहापट दंड. रात्र वाचवून दिवस घालवल्यासारखं होतं.

निशाचर_डीबीए:
डेटाबेसवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे. आरमॅनचे ८ चॅनेल (समांतर प्रवाह) मागितले आणि त्यात एकच ६ टीबीची बिगफाइल (एकसंध मोठी डेटाफाइल) असेल तर ७ चॅनेल हात बांधून उभे राहतात. ११जी पासून सेक्शन साइज आहे, ती द्या. फाइलचे तुकडे सगळ्या चॅनेलमध्ये वाटले जातात. डीड्यूप उपकरणावर लिहीत असाल तर फाइल्सपरसेट १, म्हणजे एका संचात एकच फाइल. अनेक डेटाफाइलींचे ब्लॉक एकमेकांत मिसळले की रोज क्रम बदलतो आणि डीड्यूपला ओळख पटत नाही.

त्याच कारणाने आरमॅनचं कॉम्प्रेशन बंद, एन्क्रिप्शन डीड्यूपच्या नंतर. आधी एन्क्रिप्ट केलेला डेटा डीड्यूपला रोज नवाच दिसतो. ‘कॉम्प्रेस करून पाठवलं की कमी जातं’ हे खरं, पण एकाच थ्रेडच्या जीझिपने एका कोअरला सेकंदाला काही दहा एमबीच निघतात. एलझेड४ तेवढ्याच कोअरवर शेकड्यांत जातं.

एसक्यूएल सर्व्हरवर एकाच फाइलऐवजी ४ ते ८ फाइलींवर वाटा, मॅक्सट्रान्सफरसाइज (एका वेळी लिहिण्याचा आकार) ४ एमबी करा. टीडीई (डेटाबेसचं एन्क्रिप्शन) असेल तर २०१६ पासून कॉम्प्रेशन उपयोगी पडतं, पण हा आकार ६४ केबीच्या वर ठेवला तरच.

अवांतर: एलएसीपीने १० गिगाबिटच्या चार लाइन बांधल्या म्हणून एका स्ट्रीमला ४० मिळत नाहीत. एक टीसीपी जोडणी एकाच तारेवरून जाते.

टेपवाला:
निशाचर यांच्याशी सहमत. हिशेबनीस यांच्या ७ दिवसांच्या फ्लॅशला माझी हरकत नाही. पण रॅन्समवेअर तीन आठवडे आधीच आत बसलेलं असेल तर ते सातही दिवस निरुपयोगी, मागच्या डीड्यूपमध्येच जावं लागेल. महिन्याला एक खरा फुल, डिस्कवरून टेपवर. एलटीओ-९ चा टेप ड्राइव्ह कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला ४०० एमबीपर्यंत देतो, चार ड्राइव्हला १२० टीबी साधारण २१ तासांत, १८ टीबीच्या ७ टेपांत. मात्र रोजचं बारीक इन्क्रिमेंटल थेट टेपवर सोडू नका. डेटा तुटक आला की टेप थांबते, मागे येते, पुन्हा धावते. वेगही जातो, टेपही झिजते. नवी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा घातल्यावर स्वतःला जुळवून घ्यायला दोन तासांपर्यंत घेते, ते विंडोच्या आधीच उरका.

हिशेबनीस:
महिन्याचा फुल मान्य, पण तो रात्रीच्या ८ तासांत कोंबायचा नाही. स्टोरेज स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीवरून) दिवसाढवळ्या, वेगमर्यादा लावून, हवे तर तीन दिवस चालू दे. २५ गिगाबिट मग कशाला?

टेपवाला:
रिस्टोअरला. १० गिगाबिटवर १२० टीबी परत आणायला ३० तास, तेही सगळं सुरळीत चाललं तर. ९० दिवसांपूर्वीच्या साखळीतला १० टीबीचा एक सर्व्हर, कॅशे थंड असताना, घड्याळ लावून परत आणून बघा. डिस्कच अडल्या तर तुमची लाइन पुरे. लाइन भरली तर कार्डं घ्या.

शून्यबाइट:
त्या चाचणीत रिस्टोअर घेणाऱ्या स्टोरेजचा लिहिण्याचा वेगही वेगळा मोजा. बऱ्याचदा अडतं तिथेच, आणि दोष बॅकअपवर येतो.